न लिहिलेले वाक्य शोधताना : तर्कक्षमता चाचणीतील गर्भित गृहीतके कशी ओळखावीत

उन्हाळ्यात कोकणातल्या कुठल्याही गावी संध्याकाळी समोरच्या डोंगराकडे पाहून कोणीतरी सहज म्हणते, "धूर दिसतोय, भाजावळ सुरू झाली वाटतं." ऐकणारा मान डोलावतो. आपण काही तर्क केला, असे दोघांपैकी कोणालाच वाटत नाही. प्रत्यक्षात डोळ्यांना दिसला तो फक्त धूर. भाजावळ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे, आणि या दोहोंच्या मध्ये न बोललेली निदान दोन वाक्ये आहेत. पहिले, जेथे धूर असतो तेथे आग असते. दुसरे, या दिवसांत डोंगरउतारावरची आग ही शेत भाजल्याची असते, वणव्याची नसते. पहिल्या वाक्याला आपल्या न्यायशास्त्राने 'व्याप्ती' असे नाव दिले आणि डोंगरावरचा धूर हेच त्याचे ठरलेले उदाहरण केले. दुसऱ्या वाक्याला कोणी नाव दिलेले नाही, पण काजूची बाग असलेला माणूस त्यावर विसंबून राहत नाही. धूर दिसताच तो हिरव्या डहाळ्या घेऊन त्या दिशेने चालू लागतो. त्याने तोच धूर पाहिला, पण बोलणाऱ्याचे गृहीतक स्वीकारले नाही.

स्पर्धा परीक्षांतील 'विधान व गृहीतके' हा प्रश्नप्रकार नेमकी हीच न बोललेली वाक्ये मागतो. बँकांच्या परीक्षांत तो एक विधान आणि त्याखाली दोन गृहीतके अशा आखीव रूपात येत असे व आजही सराव संचांत तसाच भेटतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून असलेल्या सीसॅट या दुसऱ्या पेपरमध्ये तो उताऱ्याच्या पोटात शिरतो. 'वरील उताऱ्यावरून पुढील गृहीतके करण्यात आली आहेत, त्यांपैकी कोणती वैध आहेत' अशा आशयाची विचारणा तेथे नेहमी होते. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेतही आकलन आणि तर्क यांची हीच जोडी आहे.

आमच्या जिल्ह्यातील एका अभ्यासिकेत मी काही वर्षे हा घटक शिकवीत आहे, आणि माझे एक निरीक्षण प्रथमच सांगून ठेवतो. विद्यार्थी अनोळखी विषयावरच्या प्रश्नांत कमी चुकतात. ओळखीच्या विषयावर जास्त चुकतात. रशियातील गव्हाच्या निर्यातीवरचा प्रश्न आमच्या मुली-मुलांना बरोबर सुटतो, आणि मासेमारीबंदीवरचा चुकतो. कारण उघड आहे. मासेमारीबद्दल त्यांना फार माहिती असते, आणि ती माहिती ते बोलणाऱ्याच्या तोंडी घालतात. म्हणून या लेखातील सारी उदाहरणे मी मुद्दाम किनाऱ्यावरचीच घेतली आहेत. आपल्याला जे ठाऊक आहे ते बाजूला ठेवून, समोरच्याला त्याचे म्हणणे उभे करण्यासाठी काय लागते तेवढेच पाहणे, हे येथे साधले तर परीक्षेत सहज साधेल.

आधी शब्द लावून घ्यावेत

गृहीतक म्हणजे विधान करणाऱ्याने उच्चारलेले नाही, परंतु ज्याच्यावाचून त्याचे विधान उभे राहत नाही, असे वाक्य. मराठी व्याकरणात 'अध्याहृत' शब्द असतो, तसे हे अध्याहृत वाक्य समजावे. "बाजारात गेला होता" या वाक्यात कर्ता लिहिलेला नसला तरी तो असल्यावाचून वाक्य होत नाही, गृहीतकाचेही तसेच.

अनुमान ही वेगळी गोष्ट आहे. गृहीतक विधानाच्या आधी असते आणि ते बोलणाऱ्याचे असते. अनुमान विधानानंतर येते आणि ते ऐकणाऱ्याचे असते. हा फरक पटवण्यासाठी मी मीमांसा या प्राचीन दर्शनाच्या पंडितांचा, म्हणजे मीमांसकांचा, देवदत्त वापरतो. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी तो लठ्ठ आहे. यावरून तो रात्री जेवत असला पाहिजे, हे त्यांचे अर्थापत्तीचे, म्हणजे दिसणाऱ्या विसंगतीचा उलगडा होण्यासाठी न दिसणारी गोष्ट मानण्याचे, प्रसिद्ध उदाहरण. आता 'देवदत्त रात्री जेवतो' हे गृहीतक आहे काय? नाही. बोलणाऱ्याला ते ठाऊकही नसेल. ते आपण काढलेले अनुमान आहे. बोलणाऱ्याचे गृहीतक त्या 'तरी' या शब्दात दडलेले आहे : जो जेवत नाही तो सहसा लठ्ठ राहत नाही. हे मानले नसते तर त्याने 'तरी' म्हटलेच नसते. परीक्षेतील पर्यायांत या दोन प्रकारची वाक्ये शेजारी शेजारी बसवलेली असतात, आणि निम्मे गुण तेथेच जातात.

तिसरी एक जात आहे, ती म्हणजे विधानातलेच वाक्य शब्द बदलून पर्यायात देणे. जे उघड सांगितले आहे ते गर्भित असू शकत नाही, हे वाचताना सोपे वाटते. पण लांब उताऱ्यात हेच वाक्य ओळखीचे वाटते, ओळखीचे म्हणून बरोबर वाटते, आणि खूण होऊन जाते.

पहिली पायरी : विधान कोणत्या जातीचे आहे

विधान वाचताच ते युक्तिवाद आहे, सूचना आहे, जाहिरात आहे की धोरण आहे, हे मनात ठरवावे, कारण प्रत्येकाच्या मागे वेगळ्या धाटणीची गृहीतके असतात. युक्तिवादात आधार आणि निष्कर्ष यांना जोडणारे वाक्य शोधायचे असते. सूचना, आवाहन किंवा जाहिरात यांत निष्कर्ष लिहिलेला नसतो; तेथे 'हे सांगण्याची गरज त्याला का वाटली' असा प्रश्न विचारावा लागतो. धोरणाच्या विधानात ते अंमलात आणता येईल आणि त्याने हेतू निदान काही अंशी साधेल, हे बहुतेक वेळा मानलेले असते.

सूचनेचे उदाहरण पाहू. "बंदरावर तीन नंबरचा बावटा लावला आहे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये." त्याखाली चार वाक्ये दिली आहेत. (१) सध्या समुद्रात जाणे धोक्याचे ठरू शकते. (२) सूचना दिली नाही तर काही मच्छीमार समुद्रात जाण्याचा संभव आहे. (३) सर्व मच्छीमार ही सूचना पाळतील. (४) बावटा उतरेपर्यंत बंदरात नौकांना पुरेशी जागा आहे.

पहिले गृहीतक आहे. धोका नसता तर मनाई कशाला? दुसरेही आहे, आणि ते विद्यार्थ्यांच्या हातून सर्वांत अधिक निसटते. कोणी जाणारच नसेल तर 'जाऊ नये' असे सांगण्यात अर्थ उरत नाही. म्हणून प्रत्येक मनाईच्या मागे, ती नसल्यास कोणीतरी ती गोष्ट करील, असे मानलेले असते. तिसरे गृहीतक नाही. सूचना देणाऱ्याला काहींनी ऐकले तरी पुरते. सर्वांनी ऐकावे ही त्याची इच्छा असेल, पण इच्छा म्हणजे गृहीतक नव्हे. चौथ्यावर मात्र बंदराजवळ राहणारा विद्यार्थी अडतो. वादळात आसऱ्याला आलेल्या नौकांनी खाडी कशी भरून जाते हे त्याने पाहिलेले असते, म्हणून जागेचा प्रश्न त्याला महत्त्वाचा वाटतो, आणि व्यवहारात तो आहेही. परंतु विधान बाहेर जाण्याबद्दल आहे, आत राहण्याच्या सोयीबद्दल नाही. जागा अपुरी असली तरी समुद्रात जाऊ नये हे सांगणे योग्यच राहते.

दुसरी पायरी : निष्कर्ष वेगळा काढणे

युक्तिवादात कागदावर निष्कर्षाखाली रेघ मारावी. 'म्हणून', 'त्यामुळे', 'तेव्हा', 'सबब' यांच्या पुढे निष्कर्ष असतो. 'कारण', 'ज्या अर्थी', 'असल्याने' यांच्या सोबत आधार असतो. हे शब्द नसतील तर स्वतःला विचारावे की यातले कोणते वाक्य लिहिणाऱ्याला मला पटवायचे आहे आणि कोणते तो पटवण्यासाठी पुढे करतो आहे. मराठीत निष्कर्ष आधी आणि कारण मागाहून सांगण्याची सवय फार आहे ("उद्या जाळी टाकायला नको, वारा फिरलाय"), त्यामुळे शेवटचे वाक्य म्हणजे निष्कर्ष, असे डोळे मिटून धरू नये.

तिसरी पायरी : फट शोधणे, तीही पर्याय पाहण्याआधी

या पायरीवर सर्वाधिक वेळ घालवावा, असे माझे मत आहे. बाकीच्या पायऱ्या हिच्या आधाराने चालतात. निष्कर्षात असा कोणता शब्द किंवा कल्पना आहे जी आधारात आलेलीच नाही, हे पाहावे. जेथे नवी कल्पना उगवते, तेथे फट असते, आणि फटीवर टाकलेली फळी म्हणजे गृहीतक.

"या वाडीतील सर्व विहिरींचे पाणी यंदा मचूळ झाले असणार, कारण खाडीलगतच्या विहिरींत खारे पाणी शिरले आहे." आधारात 'खाडीलगतच्या विहिरी' आहेत, निष्कर्षात 'वाडीतील सर्व विहिरी' आहेत. फट येथे आहे. वाडीतील सर्व विहिरी खाडीलगत आहेत, किंवा जेथपर्यंत वाडीच्या विहिरी आहेत तेथपर्यंत खारे पाणी पोहोचते, असे काहीतरी मानल्याशिवाय हा युक्तिवाद पूर्ण होत नाही. येथे गृहीतकात 'सर्व' हा शब्द आला तरी ते बरोबर आहे. 'सर्व', 'फक्त', 'नेहमी' असे शब्द दिसले की पर्याय खोडावा, हा नियम अनेक मार्गदर्शिका शिकवतात. निष्कर्षच जर 'सर्व' म्हणत असेल तर गृहीतकालाही तेवढेच जोरकस व्हावे लागते, ही पुस्ती त्या नियमाला जोडली नाही तर तो घात करतो.

फट दोन प्रकारची असते. वरची फट जोडणाऱ्या दुव्याची आहे. दुसऱ्या प्रकारात दुवा दिसतो, पण वाटेत कोणीतरी आडवे येऊ शकते, आणि ते येणार नाही असे बोलणाऱ्याने मानलेले असते. "जेट्टी बांधल्यानंतर गावात पर्यटक वाढले, म्हणजे जेट्टीमुळे पर्यटक वाढले." यात मानलेले असे की त्याच सुमारास पर्यटक वाढवणारे दुसरे प्रबळ कारण घडले नाही, गावचा रस्ता त्याच वर्षी डांबरी झाला नाही, किंवा समोरच्या किल्ल्याची छायाचित्रे त्याच हंगामात मोबाईलवर फिरली नाहीत. ज्या युक्तिवादात कार्यकारण आले, तेथे हे दुसऱ्या प्रकारचे गृहीतक हटकून असते. पर्यायांत ते नकारार्थी वाक्य म्हणून येते, आणि नकारार्थी असल्यामुळे 'हे तर विधानात कुठेच नाही' असे म्हणून विद्यार्थी ते सोडून देतात.

फट सापडली की आपल्या शब्दांत ते वाक्य पुटपुटावे, मगच पर्याय वाचावेत. हा क्रम उलटा झाला की पर्याय आपल्याला ओढून नेतात.

चौथी पायरी : नकार देऊन पाहणे

एखादा पर्याय गृहीतक आहे की नाही याची भरवशाची कसोटी एकच आहे. त्या वाक्याचा नकार करावा आणि तो खरा मानून विधान पुन्हा वाचावे. विधान कोसळले तर पर्याय गृहीतक आहे. विधान उभे राहिले तर नाही. कसोटी सोपी असूनही ती चुकते, आणि चुकते ती बहुधा नकार चुकीचा केल्यामुळे.

मराठीत येथे एक खास खाच आहे. "सर्व होड्या परतल्या" याचा नकार करताना विद्यार्थी लिहितो, "सर्व होड्या परतल्या नाहीत." या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात : एकही होडी परतली नाही, किंवा काही परतल्या आणि काही नाहीत. कसोटीला लागतो तो दुसरा, सौम्य अर्थ. म्हणून नकार नेहमी पूर्ण वाक्याला लावावा : "सर्व होड्या परतल्या, असे नाही." एक होडी जरी बाहेर राहिली तरी हा नकार खरा ठरतो. त्याचप्रमाणे 'काही' याचा नकार 'एकही नाही' असा होतो, 'नेहमी' याचा 'कधीकधी नाही' असा होतो, आणि 'शक्य आहे' याचा 'शक्यच नाही' असा होतो. 'बंदीचा उपयोग होईल' याचा नकार 'बंदीचा उपयोग होणार नाही' एवढाच आहे. 'बंदीने नुकसान होईल' हा नव्हे. नकार आणि उलट यांत गल्लत करू नये. भरती नाही म्हणजे ओहोटी आहे असे नसते; मध्ये पाणी थबकलेले असते अशीही घटका येते.

आता मासेमारीबंदीच घेऊ. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते, हे वाचकांना ठाऊक आहे. प्रश्नातील विधान असे समजा : "पावसाळ्याचे पहिले दोन महिने हा अनेक जातींच्या माशांचा प्रजननकाळ असतो, म्हणून मत्स्यसाठा टिकवण्यासाठी या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असली पाहिजे." पर्याय : (१) प्रजननकाळात मासे पकडल्यास साठ्यावर परिणाम होतो. (२) इतर महिन्यांत माशांचे प्रजनन होत नाही. (३) बंदी घातल्यास यांत्रिक नौकांची या काळातील मासेमारी निदान काही प्रमाणात कमी होईल. (४) या काळात समुद्र खवळलेला असल्याने मासेमारी जिवावर बेतू शकते.

पहिल्याचा नकार करा : प्रजननकाळात मासे पकडल्याने साठ्यावर परिणाम होत नाही. मग प्रजननकाळाचा मुद्दा काढलाच कशाला? विधान कोसळले, गृहीतक आहे. दुसऱ्याचा नकार : इतर महिन्यांतही काही प्रजनन होते. तरीही या दोन महिन्यांत बंदी असावी हे म्हणणे टिकते, गृहीतक नाही. तिसऱ्याचा नकार : बंदीने या नौकांची मासेमारी मुळीच कमी होणार नाही. मग बंदीने साठा टिकेल कसा? गृहीतक आहे. 'निदान काही प्रमाणात' या शब्दांमुळे ते टिकले; त्या जागी 'पूर्णपणे थांबेल' असते तर खोडावे लागले असते.

चौथा पर्याय हा आमच्या मुलांचा सापळा. तो खरा आहे. बंदीचे ते एक प्रत्यक्ष कारणही आहे आणि घरातल्या कोणाच्या तरी अनुभवाने ते प्रत्येकाला माहीत आहे. पण या विधानाने साठा टिकवण्याचा हेतू सांगितला आहे, जीव वाचवण्याचा नाही. समुद्र शांत असता तरी हा युक्तिवाद जसाच्या तसा उभा राहिला असता. खरे असणे आणि गृहीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उलट बाजूनेही ते लक्षात ठेवावे : गृहीतक खोटे असू शकते. बोलणारा चुकीचे मानून बोलत असेल, तरी त्याने ते मानले आहे हे खरेच असते. "बंदी कोण पाळतो?" असा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. तो चर्चेचा विषय आहे. तिसऱ्या पर्यायाच्या उत्तराशी त्याचा संबंध नाही.

पाचवी पायरी : शब्दांचे वजन

मराठीत एकेका अक्षराने गृहीतक बदलते. "पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगाने धावतात, म्हणून सोमवारी सकाळी मुंबईत परीक्षा असलेल्या रत्नागिरीच्या उमेदवाराने शनिवारी रात्रीची गाडी धरावी." यात गृहीत एवढेच की रविवारी रात्री निघाल्यास वेळेवर पोहोचण्याची पुरेशी खात्री नाही. आता पर्याय येतो : 'रस्त्याने मुंबईला वेळेत पोहोचणे अशक्य आहे.' मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाची रखडकथा जगलेला विद्यार्थी हसून त्यावर खूण करतो. पण विधानाला रस्त्याची अडचण लागतच नाही; शनिवारची गाडी हा एक सुरक्षित उपाय आहे एवढेच ते सांगते. 'शनिवारी रात्रीचीच गाडी धरावी' असे असते, तर दुसरा तितकाच भरवशाचा पर्याय नाही हे गृहीत आले असते. तरीसुद्धा 'अशक्य' हा शब्द जास्तच झाला असता. 'तितका भरवशाचा नाही' येथवरच ते गेले असते.

'च'सारखेच 'ही', 'सुद्धा', 'पुन्हा', 'अजून', 'आता' हे शब्द वाचताना पेन्सिलने टिंब द्यावेत. "खाडीतील फेरीबोट पुन्हा सुरू करावी" म्हणणाऱ्याने ती पूर्वी चालू होती आणि सध्या बंद आहे हे मानलेले आहे. "पर्यटकांनीही किनारा स्वच्छ ठेवावा" यातील 'ही' सांगतो की आणखी कोणाकडून तशी अपेक्षा आधीपासून आहे. या जातीच्या गृहीतकांना नकार देऊन पाहिले की विधान कोसळण्याऐवजी निरर्थक होते. परीक्षेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

जाहिरातीतील शब्दांचेही असेच वजन करावे. "अस्सल देवगड हापूस, बागेतून थेट घरपोच." आंब्याचे मूळ कोठले याला काही ग्राहक तरी महत्त्व देतात, हे येथे गृहीत आहे. देवगडचा हापूस सर्वांत चांगला असतो, हे नाही. ग्राहकाला तसे वाटत असले तरी पुरते. बाजारात परप्रांतीय आंबा हापूस म्हणून विकला जातो ही वस्तुस्थिती आहे, हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले हीही आहे. पण जाहिरात या दोहोंवाचून चालते.

उताऱ्यातील गृहीतके

सीसॅटमध्ये हे सारे एका परिच्छेदात मिसळून येते. नमुन्यादाखल हा उतारा : "कांदळवने लाटांचा जोर कमी करतात आणि मासे व खेकडे यांच्या पिल्लांना आसरा देतात. कायद्याने त्यांची तोड थांबवता येते, पण राखण करता येत नाही. राखण जवळ राहणाराच करू शकतो. म्हणून कांदळवनांच्या संवर्धनाच्या योजनेत खाडीकाठच्या कुटुंबांना खेकडापालन आणि पर्यटन यांतून उत्पन्न मिळेल, अशी सोय असली पाहिजे."

गृहीतके अशी दिली आहेत : (१) उत्पन्न मिळू लागल्यास खाडीकाठची कुटुंबे कांदळवनाची राखण करण्यास प्रवृत्त होतील. (२) केवळ कायद्याने कांदळवनाची राखण होत नाही. (३) खेकडापालन आणि पर्यटन यांमुळे कांदळवनाचे होणारे नुकसान राखणीच्या लाभापेक्षा जास्त असणार नाही. (४) खाडीकाठच्या कुटुंबांना सध्या उत्पन्नाचे साधन नाही.

प्रथम निष्कर्ष : योजनेत उत्पन्नाची सोय हवी. आधार : राखण जवळचाच करू शकतो. फट कोठे आहे? 'करू शकतो' येथून 'उत्पन्न द्यावे' येथे उडी मारली आहे. जवळ राहणारा राखण करू शकतो, परंतु तो ती करील कशावरून? उत्पन्नामुळे करील, हे न लिहिलेले वाक्य. म्हणजे पहिले गृहीतक आपल्याला पर्याय पाहण्याआधीच मिळाले. दुसरे वाक्य उताऱ्यात जवळजवळ त्याच शब्दांत आहे, म्हणून ते गर्भित नाही. तिसरे वाट मोकळी ठेवणारे गृहीतक आहे : पर्यटनाने झालेली हानी राखणीच्या लाभाहून मोठी असेल, तर संवर्धनासाठी पर्यटन सुचवणे हाच विरोधाभास होईल. चौथ्याचा नकार करा : कुटुंबांना उत्पन्नाचे काही साधन आहे. तरी जोड उत्पन्नाची सोय राखणीला प्रवृत्त करू शकते, युक्तिवाद टिकतो. उत्तर केवळ १ आणि ३. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या बचतगटाने चालवलेल्या कांदळवन सफरी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला पहिले वाक्य 'सिद्ध झालेले' वाटते आणि म्हणून तो त्याला गृहीतक मानायला कचरतो. बाहेर सिद्ध झालेले असले तरी या उताऱ्यात ते सांगितलेले नाही आणि त्यावाचून उतारा चालत नाही, इतके पुरे.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. उताऱ्यावरील काही प्रश्नांत वेगवेगळ्या क्लासच्या उत्तरतालिका एकमेकींशी जुळत नाहीत. 'वैध गृहीतक' या शब्दाचा अर्थ काही जण सैल घेतात आणि उताऱ्याशी सुसंगत असलेले कोणतेही वाक्य स्वीकारतात. माझा सल्ला असा की सरावासाठी आयोगाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या उत्तरतालिकाच घ्याव्यात, आणि त्यांतून आयोग किती काटेकोर आहे याचा अंदाज आपल्या हाताने बांधावा.

वेळ आणि गुण

केंद्रीय आयोगाच्या सीसॅटमध्ये ८० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास असतात. म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. पात्रतेला ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण लागतात. बरोबर उत्तराला २.५ गुण आणि चुकीला त्याच्या एक तृतीयांश, सुमारे ०.८३ गुणांची वजावट. चार पर्यायांत अंदाजाने ठोकल्यास दीर्घकाळात हाती शून्य येते, ना नफा ना तोटा. पण नकाराच्या कसोटीने एक पर्याय जरी खात्रीने खोडता आला, तरी सरासरीने प्रत्येक प्रश्नामागे पाव गुणाहून थोडे अधिक पदरात पडते. 'केवळ १', 'केवळ २', 'दोन्ही', 'एकही नाही' अशा पर्यायांत एका गृहीतकाचा निकाल पक्का लागला की चारांतले दोन पर्याय आपोआप जातात. म्हणून दोन गृहीतकांपैकी जे सोपे वाटते त्याची कसोटी आधी घ्यावी. क्रमाने जाण्याचे बंधन नाही.

सराव कसा करावा

प्रश्नसंच सोडवण्याआधी महिनाभर वर्तमानपत्रातील वाचकांची पत्रे घ्यावीत. अग्रलेखापेक्षा ती बरी, कारण ती आखूड असतात, ठाम असतात आणि त्यांत गृहीतके उघडीवाघडी सापडतात. रोज एक पत्र घेऊन निष्कर्षाखाली रेघ मारावी आणि न लिहिलेली दोन वाक्ये लिहावीत : एक दुवा जोडणारे, एक वाट मोकळी ठेवणारे. पत्रातले म्हणणे आपल्याला पटते की नाही, हे लिहू नये. सुरुवातीला हेच जड जाते.

प्रश्नसंच सुरू केल्यावर चुकांची वही ठेवावी. त्यात केवळ बरोबर उत्तर उतरवून उपयोग नाही. चूक कोणत्या कारणाने झाली ते एका शब्दात लिहावे. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत चारच शब्द फिरून फिरून येतात : 'अनुमान', 'उघड', 'जास्त', 'माहीत'. अनुमानाला गृहीतक समजले. उघड सांगितलेले गर्भित समजले. गरजेपेक्षा जास्त जोरकस वाक्य स्वीकारले. किंवा विधानाबाहेरचे आपल्याला माहीत असलेले आत घातले. तीन आठवड्यांनी वही उलटली की कोणता शब्द सर्वाधिक वेळा आला ते दिसते, आणि पुढचा सराव त्या एकाच चुकीवर ठेवता येतो.

वाचकाने स्वतः सोडवावा असा एक प्रश्न देतो. "यंदा मोहोर उशिरा आला आहे, त्यामुळे मार्चमध्ये हापूसच्या पेटीचा भाव गेल्या वर्षापेक्षा चढा राहील." (१) उशिरा आलेल्या मोहोरामुळे मार्चमध्ये बाजारात येणाऱ्या आंब्याचे प्रमाण कमी राहील. (२) यंदा एकूण हंगामात आंब्याचे उत्पादन गेल्या वर्षापेक्षा कमी होईल. (३) मार्चमधील मागणी आवकेच्या प्रमाणात किंवा त्याहून अधिक घटणार नाही. उत्तर १ आणि ३ असे आहे. ज्या वाचकाच्या घरी कलमे आहेत, त्याने दुसऱ्यावर खूण केली असेल तर वहीत 'माहीत' हा शब्द लिहावा.